गाडीच्या पोटाखालचे हिराजीभाऊ

प्रिय नील आणि सई,

गेल्या रविवारी नीलने फोनवर त्याची गाडी दाखवली. त्याच्यासाठी नवी, पण अकरा वर्षं कुणीतरी चालवलेली. तुमच्याकडे बर्फ पडला की रस्त्यांवर मीठ टाकतात, ते गाडीच्या तळाला चिकटतं आणि पत्रा खातं, म्हणून तिथला गॅरेजवाला खालून सगळं काळं कोटिंग मारून द्यायला तयार आहे, असं तो सांगत होता. एरवी गाडीचा विषय निघाला की आजोबा फोन सोडत नाहीत. त्या दिवशी त्यांनी तो माझ्या हातात दिला आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. मी नीलला एवढंच म्हटलं, की थोडे दिवस थांब, काही लावू नकोस, मी सविस्तर लिहून पाठवते. तो हसला. म्हणाला, "आजी, गाडीच आहे ती."

म्हणून हे सविस्तर. चौतीस वर्षं मी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवलं आणि कुठलीही गोष्ट क्रमाने, मुद्देसूद सांगायची मला सवय आहे. हे मात्र मराठीतच लिहायला हवं, कारण ज्या माणसाबद्दल लिहायचं आहे त्याच्या तोंडी मला दुसरी भाषा ऐकू येत नाही. अडेल तिथे आईला विचारा. क्रम राहील याची खात्री देत नाही. या माणसाची आठवण निघाली की मला एका जागी बसवत नाही. एवढं लिहीपर्यंत दोनदा उठून खाली पार्किंगमध्ये जाऊन आले आहे.

त्यांचं नाव हिराजी भोईर. ठाण्याच्या कोपरीत जिथे घरं संपून खाडीची झाडी सुरू होते, तिथे त्यांची पत्र्याची शेड होती. शेडमध्ये जमिनीत खणलेला, विटांनी बांधलेला एक लांबट खड्डा. गाडी खड्ड्यावर उभी राहायची आणि हिराजीभाऊ खाली. गाडी सुरू होत नाही म्हणून कुणी आलं तर ते हातही लावत नसत. "वरचं दुसऱ्याला दाखवा," म्हणायचे. "मी खालचा मानूस."

त्यांचं काम एकच. जुन्या गाडीचा तळ गंजापासून वाचवायचा. चिखल धुवायचा, वाळवायचा, गंज खरवडून काढायचा, लाल प्रायमर लावायचा, आणि मग डांबरासारखं काळं, रबरी कोटिंग. ठाण्यात तेव्हाही हे करणारे पुष्कळ होते, पण ते दोन तासांत गाडी परत द्यायचे. हिराजीभाऊंना चार दिवस लागत. कुणी घाई केली की ते म्हणायचे, "गंजावर काला रंग म्हंजे चोर घरात ठेवून भायेरून कुलूप."

अंगाने काटकुळे, शर्टाची सगळी बटणं गळ्यापर्यंत लावलेली, आणि सतत हलते. खड्ड्यात नसले की शेडच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फेऱ्या मारायचे. चहा उभ्यानेच प्यायचे, तोही तीन घोटांत. त्यांच्या शेडमध्ये एकच खुर्ची होती आणि ती गिऱ्हाइकाची. मी त्यांना बसलेलं कधी पाहिलं नाही. आडवे झालेले मात्र रोज दिसत.

त्यांचं घराणं मिठागरातलं. आजा, बाप, चुलते, सगळ्यांनी खाडीकाठच्या आगरांत मीठ पिकवलं. हिराजीभाऊ तिथेच वाढले. मिठागरात लोखंडी फावडं एक हंगामसुद्धा टिकत नाही, म्हणून तिथली अवजारं लाकडाची असतात, हे मला त्यांच्याकडून कळलं. मी वर्षानुवर्षं मुलांना गंजण्याचं समीकरण फळ्यावर लिहून दिलं होतं. ही साधी गोष्ट मला ठाऊक नव्हती. "आमच्या सगल्या पिढ्या मिठाच्या बाजूनं," ते म्हणायचे. "मी येकटा लोखंडाच्या."

मिठागराच्या दोन सवयी मात्र सुटल्या नव्हत्या. एक म्हणजे बशीतला खडा. खड्ड्याच्या काठावर ते एका बशीत खडेमिठाचा मोठा खडा ठेवत. सकाळी येऊन आधी त्याला बोट लावायचे. खडा ओलसर लागला तर त्या दिवशी कोटिंग नाही. हवा दमट आहे, पत्र्यावर न दिसणारं पाणी आहे, ते आत कोंडायचं नाही. गाडीमालक उन्हाकडे बोट दाखवून वाद घालायचा, "अहो, कडक ऊन पडलंय." हिराजीभाऊ बशी त्याच्या नाकासमोर धरायचे. "यालाच विचारा."

दुसरी सवय जरा विचित्र. ते गाडीखालचा चिखल चाखायचे.

त्यापायी आमच्या घरात एक प्रसंग झाला. आजोबांनी आमची करडी गाडी पहिल्यांदा त्यांच्याकडे नेली तेव्हा मी बरोबर होते. हिराजीभाऊंनी मडगार्डच्या आत हात घातला, वाळलेल्या मातीची खपली काढली, जिभेच्या टोकाला लावली आणि थुंकून टाकली.

"सायेब, समुद्रात नेलतीत गाडी."

"छे," आजोबा म्हणाले. "पुण्याला गेलो होतो फक्त."

"पुन्याला समुद्र कंदी आला?"

मी आजोबांकडे पाहिलं. गेल्याच महिन्यात ते शाळेतल्या मित्रांबरोबर, पुण्याला कसल्याशा सत्काराला म्हणून दोन दिवस गेले होते. त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"अलिबागला पण थांबलो होतो थोडा वेळ," ते म्हणाले. "येताना."

"पुण्याहून येताना अलिबाग लागतं?" मी विचारलं.

"वालूवरून चालवलीत," हिराजीभाऊ खड्ड्यातून म्हणाले. "ओल्या. चाकं निम्मी पान्यात." त्यांना भांडण लावायचं नव्हतं. त्यांना फक्त मीठ कुठवर चढलं आहे हे जाणून घ्यायचं होतं. आजोबांनी त्यानंतर माझ्याशी खोटं बोलण्याआधी गाडी धुवायला सुरुवात केली.

आता मुद्द्यावर येते.

एका पावसाळ्यात भरतीचं पाणी कोपरीत दोनदा शिरलं. आमच्या आवारात गाड्या सीटपर्यंत बुडाल्या नाहीत, पण तळावर वीतभर पाणी आलं. गाडीच्या तळाला कारखान्यातूनच काही भोकं ठेवलेली असतात, दरवाज्यांच्या खालीही असतात. नील, तुझ्या गाडीलाही आहेत. खाली वाकून बघ आणि त्या गॅरेजवाल्याला विचार की तो त्यांचं काय करणार आहे. लोकांना वाटलं, पाणी त्याच भोकांतून आलं. काही अंशी ते खरंही होतं. पाऊस संपल्यावर जो तो हिराजीभाऊंकडे जाऊन म्हणू लागला, आमच्या गाडीत खालून पाणी येणार नाही असं काहीतरी करा.

लहानपणी हिराजीभाऊंकडे एकच काम होतं. मिठागराच्या बांधावरून फिरायचं आणि खेकड्यांनी पाडलेली भोकं चिखलाने बुजवायची. "बोटायेवढं भोक ऱ्हायलं, का भरतीला आखा बांध ग्येला," ते सांगायचे. "एकदा माझ्याच्यानं येक ऱ्हायलं. बापानं दोन दिवस जेवायला नाय दिलं." ज्या माणसाच्या हाताला इतक्या कोवळ्या वयात भोक दिसलं की बुजवायचं, असं वळण लागलं, त्याला खाडीचं पाणी चढलेल्या गाडीच्या तळाला भोकं दिसल्यावर काय वाटलं असेल? त्यांनी प्रत्येक भोकाला रबरी बूच मारलं, त्यावर लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, त्यावरून कोटिंगचे दोन हात दिले. तळ असा गुळगुळीत झाला, की आजोबा खूश होऊन म्हणाले, "हिराजीभाऊ, ही आता होडी झाली."

आणि मी. हे लिहायला हवं. आजोबांनी मला विचारलं होतं, हे बरोबर आहे ना? मी सांगितलं, गंजायला हवा आणि पाणी दोन्ही लागतात, दोन्ही बंद केली तर प्रश्नच मिटला. शास्त्राने पाठिंबा दिला म्हणून हिराजीभाऊंना फार समाधान वाटलं. पुढे प्रत्येक गिऱ्हाइकाला ते सांगायचे, "बाईंनी पन सांगितलंय."

त्या हंगामात त्यांनी अशा नऊ गाड्या केल्या.

पुढचे दोन पावसाळे गेले. दुसऱ्या वर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी पूजेसाठी गाडी आतून साफ करायला घेतली आणि ड्रायव्हरशेजारचं कार्पेट मला कुबट लागलं. कडेने उचललं. खाली तांबूस पाणी साचलं होतं. गाडीला पाणी काही फक्त खालून मिळत नाही. खिडकीच्या काचेवरून ओघळून दरवाज्यात जातं, ओल्या चपलांचं असतं, छत्रीचं असतं, एसीचं असतं. ते उतरतं तळाशी आणि त्या भोकांतून निघून जातं. भोकं त्यासाठीच असतात. आमच्या गाडीत दोन पावसाळ्यांचं पाणी शिरलं होतं आणि त्याला जायला जागा नव्हती.

गाडी तशीच शेडवर नेली. हिराजीभाऊ अवजारं मांडत होते. ब्रश, कानशी, छोटी हातोडी, सगळ्यांना हळदकुंकू लावायचं होतं. त्यांनी आधी खाली जाऊन पाहिलं. तळ काळाभोर, एक ओरखडा नाही. मग वर येऊन गाडीत वाकले, स्क्रू-ड्रायव्हर पत्र्याला टेकवला आणि जरा दाबला. तो मुठीपर्यंत आत गेला.

ते पुन्हा खड्ड्यात उतरले. आजोबा मला खुणेने विचारत होते, काय झालं? मग खालून त्यांचा आवाज आला, अगदी साधा.

"बाई, पान्याला भायेर जायाला वाट नाय ठेवली मी."

"मीही हो म्हटलं होतं," मी म्हणाले.

त्याच वेळी त्यांची बायको, यमुनावहिनी, जेवणाचा डबा घेऊन आली होती. तीही मिठागरवाल्यांचीच लेक. तिला काय झालं ते कळायला दोन वाक्यं पुरली. मिठागराच्या बांधाला, नको असलेलं पाणी सोडून द्यायला, एक लाकडी दार असतं. त्याला उघाडी म्हणतात. वहिनी खड्ड्याच्या काठाशी येऊन म्हणाली, "बांध घातलंव नं उघाडी नाय ठेवली? तुमचा बापूस असता त आज परत उपाशी ठेवला असता तुमाला."

"खेकडं दिसली," हिराजीभाऊ खालून म्हणाले. "उघाडी नाय दिसली."

वर आले तेव्हा त्यांनी आमच्या गाडीबद्दल एक शब्द काढला नाही. "नऊ हायेत," म्हणाले. "पुढच्या पावसाच्या आत उघडाय पायजेत. आता आतून पापड झालाय. अजून येक पावसाला ग्येला, का सीटचे बोल्ट पत्र्यात ऱ्हायाचे नाय."

सीटचे बोल्ट सुटले की काय होतं ते सांगायला नको. गाडीने ब्रेक मारला की माणूस सीटसकट पुढे जातो.

दसऱ्याच्या संध्याकाळी ते आमच्या घरी आले. मी जेवणाच्या टेबलाशी कागद घेऊन बसले, रकाने आखले: मालकाचं नाव, पत्ता, गाडीचा नंबर. ते खोलीभर फिरत होते. त्यांना मालकांची नावं आठवत नव्हती आणि गाड्यांचे नंबर त्यांनी कधी पाहिलेच नव्हते. त्यांना तळ आठवत होते.

"लिवा. पांढरी. डाव्या चासीला जुनं वेल्डिंग, मुंगीच्या रांगेसारखं."

"मालक कोण?"

"बारीक आवाजाचा. डोंबिवलीचा."

"हिराजीभाऊ, डोंबिवलीत बारीक आवाजाची माणसं किती असतील?"

"वेल्डिंग येकच," ते म्हणाले.

मी नाव आणि नंबर हे रकाने खोडले आणि वर लिहिलं: खुणा. दुसरीच्या सायलेन्सरला तांब्याची तार बांधलेली. तिसरीच्या डिकीखाली दगड लागून पडलेला खड्डा, "पेरूयेवढा." नवव्या गाडीपाशी ते थांबले. खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

"हिरवी. काली वाटावी अशी हिरवी. कल्यानची. मागच्या सीटखाली कारखान्याचा पिवला शिक्का, पुसट."

"आणि मालक?"

"बापूस आनि लेक. गाडी न्यायाला आला तवा मागची दोन भोकं बाकी हुती. दुपार हुती, पोर मागच्या सीटवर झोपली हुती, चार-पाच वर्साची. तो बोलला, उठवू नका, चिमणी आत्ताच झोपलीय. मी बोललू, नाय उठवत. हलूच जाऊन ती दोन भोकं बुजवली." ते खिडकीपासून वळले. "पोर वर झोपलेली, बाई, नं मी तिच्या अंगाखाली बुजवली."

मी रकान्यात 'हिरवी, पिवळा शिक्का, कल्याण' एवढंच लिहिलं.

पहिल्या पाच गाड्या लवकर सापडल्या. आमची एक, कोपरीतल्याच तीन आणि खोपटला एसटी डेपोमागच्या एका शिंप्याची. आजोबांनी फोन करून मालकांना समजावलं. तळ उघडले, पाणी काढलं, कुजलेला पत्रा कापून वेल्डरकडून नवा बसवला. हिराजीभाऊंनी नवीन काम घेणं बंद केलं. स्कूटरला गोणपाट, टॉर्च आणि हाताने फिरवायचं ड्रिल बांधून रोज सकाळी ते डोंबिवली नाहीतर कल्याणला जायचे आणि उभ्या गाड्यांच्या खाली शिरायचे.

एक दिवस अकराच्या सुमारास माझा फोन वाजला. "बाई, यांना सांगा मी कोन ते."

मग एक करारी आवाज. "मी सोसायटीचा सेक्रेटरी बोलतोय. डोंबिवली पूर्व. हा इसम आमच्या मेंबरच्या गाडीखाली सापडला. ड्रिल मशीन आहे त्याच्याकडे. पेट्रोल चोरत होता."

"ते पेट्रोल चोरणारे नाहीत," मी म्हणाले. "ते गाडी ओळखायला आले आहेत."

"खालून?"

"हो. खालूनच ओळखतात."

मी म्हटलं, तो इसम तिथेच राहू दे, मी येते. आजोबा आणि मी गाडी काढली. पोचलो तेव्हा हिराजीभाऊ आवारात येरझाऱ्या घालत होते आणि वॉचमन त्यांच्या मागोमाग त्याच फेऱ्या घालत होता. गाडीचे मालक लेले बनियनवर खाली आले होते. आवाज खरोखरच बारीक होता.

"तुम्हीच ना हो ते?" लेले म्हणाले. "तुम्हीच म्हणालात, आता थेंब येणार नाही. आणि आता भोकं पाडायला आलात?"

"पाडाय नाय. उघडाय."

"फरक काय?"

"दाखवतो," हिराजीभाऊ म्हणाले आणि परवानगीची वाट न बघता गोणपाट टाकून खाली गेले. ड्रिलचा आवाज आला, मग बंद झाला, आणि गाडीखालून तांबड्या पाण्याचा एक ओघळ निघून फरशीवरून गटाराकडे वाहू लागला. थांबेचना. वरच्या गॅलऱ्यांतून बायका पाहत होत्या.

"चहा उतू गेला वाटतं लेल्यांचा," कुणीतरी वरून म्हणालं.

लेल्यांनी दरवाजा उघडून, उभ्याउभ्याच, ड्रायव्हरच्या पायाखालच्या पत्र्यावर अंगठा दाबला. पत्रा खाली गेला तो परत वर आला नाही. त्यांनी अंगठा बनियनला पुसला. मग सेक्रेटरीला म्हणाले, "यांना जाऊ द्या. नाही, जाऊ नका. आधी ही पूर्ण बघा." आणि वॉचमनला चहा सांगायला पाठवलं. हिराजीभाऊंनी तो उभ्यानेच घेतला.

सातवीही डोंबिवलीतच मिळाली. आठवी कल्याणला एका भंगारवाल्याकडे पडलेली निघाली. मालकाने आधीच विकून टाकली होती, समोरून धडक बसली होती. तरी हिराजीभाऊ तिच्याखाली शिरले. सीटचे बोल्ट जागेवर होते. शेडवर येऊन त्यांनी आम्हाला ते चार वेळा सांगितलं. "जाग्यावर हुते, सायेब. चारी."

राहिली नववी.

ते कल्याण पालथं घालत होते. स्टेशनाबाहेरचे रिक्षावाले त्यांना ओळखू लागले. कुणी हिरवी गाडी दाखवली की जायचे. शाळा सुटायच्या वेळी शाळांच्या दारात उभे राहायचे, बाप लेकीला न्यायला येईल म्हणून. तिथून एकदा पोलिसाने हटकून पाठवलं. यमुनावहिनी माझ्याकडे येऊन म्हणाली, "बाई, तुमचं ऐकतात ते. घरात पाय ठरत नाय. जेवतानाबी दारात हुबे."

मी समजावून पाहिलं. "हिराजीभाऊ, तो माणूसही गाडी कुणाकडे तरी दाखवतच असेल. कुणीतरी पाहिलं असेल, दुरुस्त केलं असेल."

"कोनीतरी म्हंजे कोन, बाई?"

जून आला. पाऊस सुरू झाला. ते रेनकोट घालून जाऊ लागले.

त्याआधी, उन्हाळ्यातच, आमच्या गाडीचं काम त्यांनी पूर्ण केलं होतं, बशीतला खडा कोरडा असताना. या वेळी कोटिंग मारताना प्रत्येक भोकात लाकडाची खुंटी बसवली, कोटिंग वाळल्यावर एकेक काढून माझ्या तळहातावर ठेवली आणि मला मोजायला लावली. सहा. मग गोणपाट अंथरून म्हणाले, "या खाली."

"मी?"

"मी काय जल्मभर हाय काय?"

बासष्टाव्या वर्षी मी गाडीखाली आडवी झाले. शेजारच्या मोने बाई भाजी घेऊन जात होत्या, त्यांना माझे पाय दिसले आणि त्यांनी आरडाओरडा करून अर्धी गल्ली जमवली. हिराजीभाऊ त्यांना म्हणाले, "वोरडू नका. शाला चालू हाय." खाली मला ते दाखवत होते, कुठलं भोक कुठे, काडी कशी घालायची, पत्रा बोटाने कसा वाजवायचा. चांगला पत्रा खणखणतो. कुजलेला, ओल्या पुठ्ठ्यावर टिचकी मारल्यासारखा, गप्प राहतो. त्या दिवसापासून दर वर्षी पावसाआधी आणि पावसानंतर मी खाली जाते. आजोबा टॉर्च धरतात.

वर्षं गेली. कोपरीतली शेड पाडून तिथे इमारत उभी राहायला लागली. हिराजीभाऊ आणि वहिनी कल्याणपलीकडे लेकाकडे राहायला गेले. फोन कमी झाले. मला वाटलं, वय झालं, आता शोध सुटला असेल.

दोन वर्षांपूर्वी माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या लग्नाला मी डोंबिवलीला गेले होते. जेवून हॉलच्या बाहेर आले, तर रस्त्याच्या कडेला एक गडद हिरवी गाडी उभी होती आणि तिच्याखालून दोन पाय बाहेर आले होते. भेगाळलेल्या टाचा, चपला शेजारी नीट काढून ठेवलेल्या. मी थांबले. हातात लग्नातली लाडवांची पिशवी होती. दहाएक मिनिटांनी ते सरकत बाहेर आले. उठायला त्यांना गाडीच्या बंपरचा आधार घ्यावा लागला. केस सगळे पांढरे झाले होते.

मला पाहून त्यांना आश्चर्य वाटलं नाही. "ही नाय ती," म्हणाले. "शिक्का नाय."

"हिराजीभाऊ, अजून?"

त्यांनी अंगावरची माती झटकली. मग विचारलं, "ती पोर आता किती वर्साची असल, बाई?"

मी हिशेब केला. "सतरा. बारावीत असेल."

"म्हंजे आता गाडीत झोपत नसल."

"नसेल."

त्यांनी मान हलवली. ते ऐकून बरं वाटलं की काही राहून गेल्यासारखं वाटलं, मला कळलं नाही. मी पिशवी पुढे केली. त्यांनी ती घेतली, स्कूटरच्या हुकाला लावली. गोणपाट गुंडाळून मागे बांधलं. मी म्हटलं, "घरी या एकदा. आजोबा विचारतात." ते "येतो" म्हणाले, पण त्यांचं लक्ष माझ्या खांद्यावरून पलीकडे गेलं होतं. रस्त्याच्या त्या बाजूला गाड्यांची रांग लागली होती, लग्नाला आलेल्यांची. ते स्कूटर सुरू न करता, हाताने ढकलत, त्या रांगेच्या कडेने निघाले. प्रत्येक गाडीपाशी जरा वाकायचे, पुढे जायचे. वळणावर मला दिसेनासे झाले तेव्हाही वाकलेलेच होते.

गेल्या वर्षी ते गेले. वहिनीने फोन करून सांगितलं. आजारी फार नव्हते, म्हणाली, पण शेवटचे चार दिवस झोपून राहावं लागलं, त्याचाच त्रास झाला त्यांना.

दसऱ्याची ती यादी माझ्या कपाटात आहे. आठ ओळींवर खूण केली आहे, नवव्या ओळीपुढे काही लिहिलेलं नाही. त्या नऊपैकी तीन गाड्या अजून चालतात एवढं मला नक्की माहीत आहे: शिंप्याची, लेल्यांची आणि आमची. आमची एकवीस वर्षांची झाली. आज सकाळी मी खाली जाऊन पत्रा वाजवून पाहिला. तो शाबूत आहे.

तुमची,
आजी